बुजवलेली विहीर

प्रिय माय,

तुझ्या पाया पडते. परदेशातला माझा लेखन-मुक्काम आज संपला. तब्येत बरी आहे. तुझी तिखटाची पुडी कालच सरली. गुडघे कसे आहेत?

सकाळी सगळ्यांसमोर मी आपल्या गावच्या विहिरीची गोष्ट वाचली. उखामामा दिसेनासा झाला आणि मालकाने त्याच दिवशी बुजवली, ती. नावं बदलली होती. नंतर एक पाहुणा जवळ आला. "हाई इहीर कोना गावनी शे, बहिन?"

दोन महिन्यांनी आपली बोली ऐकली, माय! हरखून मी गाव सांगितलं. ती बुजवताना तू पाहिलंस, तेही सांगितलं. माझी परतीची गाडी आणि तिची वेळसुद्धा.

प्रतिभावहिनी हे मोबाईलवरून वाचून दाखवेल. लगेच तिच्यासोबत खांडबाऱ्याला मावशीकडे जा.

वहिनीने आत्ताच कळवलं, मालकाचा माणूस तिला सांगून गेला, मला घ्यायला मालक स्वतः त्या वेळेला नंदुरबार स्टेशनवर येणार आहेत. मी वेळ फक्त त्या पाहुण्याला सांगितली होती.

तुझीच,
कामिनी