पाकिटावरची सही

१२ ऑक्टोबर
मतपत्रिका आली! सतरा वर्षं अमेरिकेत काढली, नागरिकत्व घेतलं, मग शशिकांतच्या नोकरीपायी इथे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला आलो. मत मात्र अजून तिकडेच. आणि ह्या वेळी कागदावर माझी धाकटी बहीण! राज्यातल्या सगळ्या निवडणुका चालवणारं सर्वांत वरचं पद — तिकडे त्या पदासाठीही निवडणूकच. पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करणारी आमची सुनीती!
तिच्या नावावरून बोट फिरवलं. चार वर्षांत एवढीच भेट.

१४ ऑक्टोबर
पाकीट टाकून सायकलवर बसले आणि आठवलं — सही मराठीत केली! आईने आम्हा दोघींकडून गिरवून घेतलेली, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. तिकडे नोंद इंग्रजी सहीची. जाऊ दे, कोण बघतंय!

२५ ऑक्टोबर
ईशानीने मावशीचा प्रचाराचा व्हिडिओ दाखवला. सुनी कुणाच्या तरी दारात उभी राहून सांगत होती, एकही मत वाया जाऊ देणार नाही. केस पांढरे झालेत तिचे. मला ठाऊकच नाही.
"जस्ट कॉल हर, आई," ईशानी म्हणाली.
काय सांगू पोरीला? आई गेली तेव्हा सुनी तिची पहिली निवडणूक लढवत होती. पुण्याला पोचली ती दहाव्याला. मी दारातच म्हणाले, "आई मरत होती आणि तू लोकांची दारं वाजवत होतीस!" चपलाही न काढता परत गेली. आईनेच तिला फोनवर 'येऊ नकोस' म्हटलं होतं, हे मागाहून मामांकडून कळलं. तेव्हा लगेच फोन करायला हवा होता. नाही केला. फार आठवण येते तिची.

३ नोव्हेंबर
आज मतदान. चकल्या करायला घेतल्या. सगळ्या मोडल्या.

५ नोव्हेंबर
मोजणी चालूच, अगदी अटीतटीची. निवडणूक कार्यालयाची मेल आली — सही जुळत नाही, १० तारखेपर्यंत फॉर्म भरा, नाहीतर मत बाद. शशिकांत म्हणाला, "अशा मतदारांची यादी उमेदवारांना मिळते. त्यांची माणसं फोन करून आठवण करून देतात."
तिची माणसं. कदाचित तीच!
फॉर्म पाच मिनिटांचा आहे. भरला नाही. भरला तर यादीतून नाव जाईल.

८ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. फोन हातात घेऊनच आरती केली. शशिकांत चिडला.

९ नोव्हेंबर
अमेरिकेचा नंबर! धावले. कुणी तरुण मुलगी होती — "सुनीतीच्या टीमकडून बोलतेय." माझं नावसुद्धा तिला धड म्हणता येईना. बरं म्हटलं आणि ठेवला.
मग स्वतःचीच लाज वाटली. तिकडे एकेका मतासाठी झगडा चाललाय आणि मी सख्ख्या बहिणीचं मत अडवून बसलेय! भरला फॉर्म. पाठवला. आता ती कशाला फोन करतेय?

१२ नोव्हेंबर
हरली. दोनशे अकरा मतांनी.
दुपारी फोन वाजला. "ताई, सही मराठीत केलीस ना? यादीत तुझं नाव पहिल्याच दिवशी पाहिलं. पण तेव्हा केला असता, तर मतासाठी केला असं वाटलं असतं तुला. आता मताचं काही राहिलं नाही. घरी येऊ का गं? ह्या वेळी चपला काढून आत येईन."