मापाला मारलेली किक

तीर्थस्वरूप बानाआक्कास, गारखेड्याहून धाकट्या मल्हारीचा शिरसाष्टांग नमस्कार. खंडोबाच्या कृपेनं इकडं सगळे जिवंत आहेत. तुझी नडगी कशी आहे? सूज उतरली का? (राग उतरला का, हे विचारायची हिंमत नाही.)

आक्का, गृहप्रवेशाला जे घडलं त्यात सुनेचा काडीचाही दोष नाही. दोष तुझ्या लाडक्या भाच्याचा. बन्सी कॉलेजात खेळ शिकवतो आणि फुटबॉलला लाथ कशी मारावी यावर पीएच.डी. करतो, हे तुला ठाऊकच आहे. (आपल्या घरात आजवर लाथा फुकट मारल्या जायच्या.) पायाच्या आतल्या बाजूनं मारली तर चेंडू नेमका जातो पण सावकाश, बुटाच्या नाड्यांवर घेतला तर सुसाट, आणि अंगठ्यानं टोचला तर कुठं जाईल ते देवच जाणे. मांडी आधी पुढं येते, मग थबकते, आणि तिचा सगळा वेग गुडघ्याखाली उतरतो, गोफणीत हात थांबला की दगड सुटतो तसा. हे मी जेवताना ऐकलं, दाढी करताना ऐकलं, एकदा तर मयतीत ऐकलं.

वाटलं, लग्न झालं की उतरेल. कसचं काय! उंबऱ्यावर गव्हानं भरलेलं पितळी माप, आत तू ओवाळायला उभी, सूनबाई अंगठ्यानं हळूच माप लवंडणार, एवढ्यात हे विद्वान तिच्या कानाशी लागले. “अंगठ्यानं नको, नेम चुकतो. डावा पाय मापाशेजारी रोव, घोटा ताठ ठेव अन् आतल्या बाजूनं ढकल.” नवऱ्याचा पहिलाच शब्द पोरगी कसा मोडणार? पण डावा पाय शालूत अडकला, तोल सावरायला उजवा जोरात फिरला, आणि पुढचं तुझ्या नडगीला माहीत. तुला धरायचं सोडून हा गाढव बघत काय बसला, तर तिचा डावा पाय किती मागं राहिला ते!

तू न जेवता सिल्लोडची एसटी धरलीस, आणि आता गल्लीतल्या बाया सुनेचा पायगुण काढतात. ती उंबऱ्याशी आली की थांबते, खाली बघते, मग पाऊल टाकते. बघून जीव तुटतो गं. रविवारी जागरण-गोंधळ आहे. तू ये आणि तिच्या हातचं जेव, म्हणजे तोंडं बंद होतील.

तुझा,
मल्हारी

ता. क. : बन्सीचं शास्त्र खोटं पाडायला काल मी तेच माप गव्हानं भरून अंगणात ठेवलं आणि अंगठ्यानं उडवायला गेलो. माप जागचं हललं नाही. अंगठा मोडला.

आणखी एक : हे बाहेर कळलं तर तेही सुनेच्याच माथी जाईल. म्हणून आल्या आल्या चारचौघांत एवढंच म्हण, की मल्हारी लहानपणापासूनच मूर्ख आहे. भावकीत तुझ्या शब्दाला वजन आहे, आणि हे पटवायला तुला फार बोलावंही लागणार नाही.