ओ आल्याशिवाय खूण नाही

सिडनी,
१४ मार्च १९९९

ती. व्हर्नाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

बातमी आधी, खुशाली मागून. माझ्या नावावर पहिलं पेटंट लागलं! कंपनीत केक कापला आणि साहेबांनी भाषणात मला दोनदा नॅन्सी म्हटलं, तरी मी खूश आहे. तुला रेडिओचं वेड कुठून लागलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की माझ्या आत्यानं बावीस वर्षं रेडिओ केंद्र चालवलं. रोज सकाळी ती फोन नसलेल्या, लांबलांबच्या साठ मेंढवाड्यांवरच्या घरांना नावानं हाक मारायची आणि एकेकाला बोलू द्यायची. आम्ही भावंडं तिच्या टेबलाखाली बसून न्याहारी करायचो.

माझं कामही तेच आहे गं. एका टॉवरशी शेकडो फोन एकदम बोलू पाहतात आणि हवा एकच. कोणी कधी बोलायचं ते तू तोंडानं ठरवायचीस, मी यंत्राकडून ठरवून घेते, सेकंदाला हजार वेळा. माझी युक्ती एवढीच, की या क्षणी ज्याचा आवाज स्वच्छ येतोय त्याचा नंबर आधी. आणि ज्याला बराच वेळ हाक गेली नाही त्याला यंत्र मुद्दाम हाक मारतं, म्हणजे कोणी उपाशी राहत नाही.

पर्सीकाकांना नमस्कार. गार्थदादा इथे येऊन दोन दिवस राहून गेला, फ्रिज रिकामा करून गेला.

माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी,
नेरिडा

---

कोरन वेल,
२८ मार्च १९९९

चि. नेरिडास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा कळल्यासारखं वाटलं, तिसऱ्यांदा रडू आलं. तुझे आईबाप असते तर त्यांनी गावभर पेढे वाटावेत तसं काहीतरी केलं असतं. मी त्यांच्या वतीनं क्वॉन्डाँगच्या रानफळांचा मुरंबा केला आणि टपालवाल्याला एक बाटली दिली.

पेटंट म्हणजे काय ते तुझ्या काकांना समजावलं. ते म्हणाले, दुसऱ्याला बोलू न देण्याचं पेटंट खरं तर तुझ्या आत्याच्या नावावर हवं होतं. त्या दिवशी त्यांना गोड मिळालं नाही.

जेवत जा. तुझं पत्र आलं की घर भरल्यासारखं वाटतं, तेवढं ध्यानात ठेव.
तुझी आत्या,
व्हर्ना

---

कोरन वेल,
६ सप्टेंबर २०१५

चि. नेरिडास,
अनेक आशीर्वाद.

तुझा टॉवर उभा राहिला. घरापासून अठ्ठावीस किलोमीटरवर टेकडीवर दिसतो, म्हणजे तिथे आहे हे माहीत असलं तर दिसतो. तुझी तिन्ही पेटंटं त्याच्या पोटात आहेत असं तू म्हणालीस. छपरावर तारेची काठी बसवून गेले आणि फोन वाजला. चार वर्षांपूर्वी हे असतं तर तुझे काका शेवटच्या आजारात तुम्हा दोघांशी बोलू शकले असते. असो.

गार्थशी माझा तह झाला आहे. माझं हृदय आता भाडेकरूसारखं वागतं, मनाला येईल तेव्हा थांबतं. त्यामुळे मी ॲडलेडला समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात जावं असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, फोन आला ना आता? मग ठरलं ते असं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला डॉक्टर लिनके मला फोन करणार, मी नाडीचे ठोके आणि रक्तदाब सांगणार. लागोपाठ तीनदा मी सापडले नाही, तर मुकाट्यानं सामान बांधायचं. मी कबूल केलं आहे, आणि कबूल केलेलं मी मोडत नाही.

समुद्र मला आवडत नाही. नुसता हलत असतो. तेव्हा माझं घर आता तुझ्या टॉवरच्या हाती आहे, बाई.

आठवणीत आहेस, तिथेच राहा.
तुझी आत्या,
व्हर्ना

---

सिडनी,
२० ऑगस्ट २०१७

ती. व्हर्नाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तू मला टाळते आहेस का? चार महिन्यांत मी तुला तीसेक फोन केले असतील, लागले दोन. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, मंगळवारी आणि शुक्रवारी आवाज अगदी खणखणीत येतो. म्हणजे डॉक्टर चालतात आणि भाची चालत नाही. ते दिसायला बरे आहेत असं ऐकून आहे.

इकडे सगळं छान. तुमच्या टॉवरच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामाचा तळ पडल्यापासून तिथे तीनशे माणसं फोनवर असतात, तरी त्याचा वेग आमच्या सगळ्या टॉवरांत पहिला आहे. नोव्हेंबरात मी तेच आकडे परिषदेत मांडणार आहे. त्यानंतर मला मुख्य अभियंता करायचं घाटतंय. अजून कोणाला सांगू नकोस, म्हणजे टपालवाल्याला.

रागावली असशील तर राग लिहून पाठव, पण पाठव.
तुझी,
नेरिडा

---

कोरन वेल,
२ सप्टेंबर २०१७

चि. नेरिडास,
अनेक आशीर्वाद.

तुला कोण टाळेल! कधी मी कोंबड्यांत असते, कधी कानात तेल घालून झोपलेली असते. फोन उत्तम आहे. तुझ्या टॉवरला नावं ठेवायला जागा नाही. पण तू आपली पत्रंच लिही, पत्र पुन्हा वाचता येतं.

तब्येत बरी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी थर्मास भरते, कुत्र्याला गाडीत घालते आणि जरा फिरून येते. हवापालट होतो. पेट्रोल थोडं जास्त जातं, पण या वयात दुसरी चैन ती कुठली?

मुख्य अभियंता! मी टपालवाल्याला सांगितलं नाही, त्यानं माझ्या तोंडावरून ओळखलं.

तुझ्या यशावर जीव आहे माझा, हे विसरू नकोस.
तुझी आत्या,
व्हर्ना

---

ॲडलेड,
८ नोव्हेंबर २०१७

चि. नेरिडास,
अ. उ. आ.

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहितो आहे. गेल्या शुक्रवारी आणि काल मंगळवारी आत्या डॉक्टरांना सापडली नाही. दोनदा झालं. डॉक्टर आता रजेवर आहेत, पुढचा फोन मंगळवारी २८ तारखेला. तोही चुकला तर मी तिला घेऊन येणार. समुद्राकडे तोंड असलेली खोली एक डिसेंबरपासून राखून ठेवली आहे.

मी शेजारच्या मेंढवाड्यातल्या माणसाला तिच्याकडे पाठवलं. ती धडधाकट होती. त्याला म्हणाली, गाडीचा रेडिएटर फुटलाय, त्यामुळे फोन घेता आला नाही. गाडीचा आणि फोनचा काय संबंध? त्यानं विचारलं तर तिनं त्याला मुरंबा दिला.

भाऊ कसाई आहे असं तू म्हणशील. आईबाबा गेल्यावर तिनं आपल्याला पदराखाली घेतलं. ती एकटी स्वयंपाकघरात पडून राहिली आणि चार दिवसांनी टपालवाल्याला सापडली, हे मला या जन्मात सहन होणार नाही.

मला समजून घेशील अशी आशा.
गार्थ

---

सिडनी,
१३ नोव्हेंबर २०१७

ती. व्हर्नाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

गार्थचं पत्र वाचून मी तुमच्या टॉवरच्या नोंदी काढल्या. तुझ्या फोनच्याही पाहिल्या, त्याबद्दल हवं तर कान धर.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला तुझा फोन टॉवरच्या पायथ्याशी असायचा. म्हणजे तू अठ्ठावीस किलोमीटर गाडी हाकत जायचीस, एकोणऐंशीव्या वर्षी, सदोष हृदय घेऊन, का तर डॉक्टरांना वाटावं की तू घरातून बोलते आहेस. ही तुझी चैन!

आणि घरी असतेस तेव्हा? परवा दिवसभरात टॉवरनं तुझ्या फोनला चारशे बारा वेळा हाक मारली. त्याच्या मते तुला तुझा पूर्ण वाटा मिळाला. त्यातल्या अकरा हाकांना तुझी ओ पोचली. तळावरची तीनशे माणसं जवळ आहेत, त्यांचा आवाज सदा स्वच्छ, त्यामुळे सगळे चांगले क्षण त्यांच्याकडे जातात आणि उरलेसुरले, ज्यात काही ऐकूच येत नाही, ते तुझ्याकडे. तळ नव्हता तेव्हा हे कळलंच नाही.

हे कधीपासून चाललंय? आणि मला का सांगितलं नाहीस? खरं लिही.

तुझ्या रागाला मी पात्र आहे, पण मला परकं करू नकोस.
नेरिडा

---

कोरन वेल,
१९ नोव्हेंबर २०१७

चि. नेरिडास,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. तळ पडला त्या आठवड्यापासून हे चाललंय. तुझं नाव त्या यंत्रावर आहे, त्याची तक्रार तुझ्या घरच्याच माणसानं कशी करायची? आणि केली असती तर गार्थ दुसऱ्या दिवशी दारात उभा.

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट ऐक. केंद्रावर मी नवी होते, तेव्हा हाक मारली की वहीत नावापुढे खूण करायची. लांबच्या एका मेंढवाड्यावर पॅस्को म्हणून बाई होती. तिचा आवाज खरखरीत बुडून जायचा. तीन दिवस मी तिला हाक मारली, खूण केली, पुढे गेले. चौथ्या दिवशी तिच्या शेजाऱ्यानं तिचा निरोप पोचवला, की तिच्या मुलाचा हात मोडलाय आणि ती तीन दिवस डॉक्टर मागते आहे. माझ्या वहीत तिच्या तिन्ही खुणा होत्या.

तेव्हापासून मी निरोप ऐकायची, तिकडे परत वाचून दाखवायची, तिकडून हो आलं की मगच खूण. ओ आल्याशिवाय खूण नाही. त्यानं वेळ जायचा आणि जवळचे लोक कुरकुरायचे. तुझं यंत्र हाक मारली की खूण करतंय बघ. ही माझीच जुनी चूक, तू कुठून उचललीस?

एक बजावून सांगते. माझ्या एकटीच्या फोनला पुढे काढशील तर याद राख. मी वहीत घरच्यांना कधी आधी घेतलं नाही. दुरुस्त करायचं तर सगळ्यांसाठी कर, नाहीतर राहू दे. गाडी दुरुस्त होऊन आली आहे, पण अठ्ठावीसला मी टेकडीवर जाणार नाही. तिथे बसून दिलेली उत्तरं ही लबाडी होती आणि मला त्याची लाज वाटते. स्वयंपाकघरात बसेन. फोन लागला तर लागला. नाही लागला तर बॅग भरून ठेवली आहे. कोंबड्या शेजारी नेईल. कुत्र्याचं काय करायचं ते सुचत नाही.

तू चुकलीस म्हणून तू कमी होत नाहीस.
तुझी आत्या,
व्हर्ना

---

सिडनी,
२७ नोव्हेंबर २०१७

ती. व्हर्नाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

परिषदेत मी आकडे मांडले नाहीत. त्याऐवजी आमच्या बैठकीत उभी राहिले आणि सांगितलं की दोष माझ्या पहिल्याच पेटंटात आहे, हाक मारली म्हणजे नंबर दिला असं मी धरून चालले, आणि अठरा वर्षं मला कोणी विचारलं नाही कारण जे विचारू शकले असते त्यांचा फोनच लागत नव्हता. साहेब म्हणाले, तुझ्या आत्याच्या एका फोनपुरती सोय आजच करून टाकू, बोभाटा कशाला. आत्या, खोटं सांगत नाही, मला मोह झाला. तुझी बॅग डोळ्यांसमोर होती. मग तुझं पत्र खिशातून काढून वाचून दाखवलं.

नवा नियम साधा आहे. तिकडून पोच आल्याशिवाय नंबर दिला असं धरायचं नाही, आणि पोच येईपर्यंत चांगल्या क्षणांतलाही वाटा द्यायचा. त्यानं टॉवरचा वेग शंभराला चारनं घसरतो. या चारावर तीन दिवस भांडण झालं. शेवटी उत्तरेकडच्या सगळ्या टॉवरांवर आज संध्याकाळी नियम चढतो आहे. चाचणीला पुरता वेळ मिळालेला नाही. मुख्य अभियंत्याची खुर्ची दुसऱ्याला गेली, ते ठीकच झालं.

उद्या नऊला काय होईल ते मला खरंच माहीत नाही. हे पत्र तुला शनिवारी मिळेल, तोवर तुला कळलेलं असेल. मला भीती वाटते आहे.

उत्तर कुठूनही लिहिलंस तरी लवकर लिही.
तुझी,
नेरिडा

---

कोरन वेल,
३ डिसेंबर २०१७

चि. नेरिडास,
अनेक आशीर्वाद.

पत्ता वर वाचलास ना? मग आता निवांत बसून वाच.

मंगळवारी गार्थ पहाटेच निघून इथे आला होता. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, मध्ये फोन आणि बाजूला बॅग. नऊ वाजले. काही नाही. नऊ वाजून चार मिनिटांनी एकदा वाजून बंद पडला. गार्थ उठून खिडकीपाशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. तो रडत होता असं मला वाटतं, पण मी पाहिलं नाही असं दाखवलं. नऊ वाजून सात मिनिटांनी फोन पुन्हा वाजला आणि डॉक्टर बोलले. आवाज तुटत होता, पण शब्द कळत होते. मी ठोके सांगितले, रक्तदाब सांगितला. त्यांनी विचारलं, श्वास का लागलाय? मी म्हटलं, बसल्या बसल्या लागलाय. शुक्रवारी तर फोन नवाच्या ठोक्याला लागला.

गार्थनं खोली सोडून दिली. जाताना मला दटावून गेला आणि मुरंब्याच्या चार बाटल्याही घेऊन गेला.

काल दुकानात तळावरचा स्वयंपाकी भेटला. टॉवरला लाखोली वाहत होता. म्हणाला, मंगळवारपासून काय बिघडलंय कोण जाणे, क्रिकेट बघताना ऐन चेंडू टाकताना चित्र डोळ्याची पापणी लवेल एवढं थांबतं, आणि तीनशे माणसं एकदम ओरडतात. त्यानं मला विचारलं, तुमचंही असंच होतं का, आजी? मी म्हटलं, नाही बाबा, माझं बरं चाललंय. तेवढ्या पापणीत मी बोलत असते, हे काही मी त्याला सांगितलं नाही.

आज संध्याकाळी सातला फोन कर. मी घरीच आहे.
तुझी आत्या,
व्हर्ना