गॅलरीचं लोखंड

प्रिय नाना,

परवाना मिळून महिना झाला. धुळ्यात आता घराच्या नकाशावर इंजिनिअर म्हणून माझी सही चालते. आईने पेढे वाटले, मी तोंडदेखलं हसले. तेव्हा तुम्हाला लिहिलं नाही, रागच तेवढा होता. आज रमेशकाकांच्या साइटवरून आले आणि राहवेना.

आधी हे सांगा, त्या दिवशी माझं का ऐकलं नाहीत? मी शेवटच्या वर्षाला होते. देवपूरच्या त्या बंगल्यावर तुमचा डबा घेऊन आले, तर गॅलरीच्या सळया खालच्या अंगाला बांधलेल्या. मी म्हटलं, "नाना, पुढे आलेल्या गॅलरीला लोखंड वरून लागतं. तडा वरूनच जातो." तुम्ही सगळ्या मजुरांदेखत हसलात. "चाळीस वरीस व्हयनात, आजलगून एक गॅलरी पडनी नही. तू पेपर लिख, स्लॅब मी टाकस!"

आधीच्या पडल्या नाहीत, कारण त्या दोन-दोन फुटांच्या होत्या. ही चार फुटांची होती. सेंट्रिंगच्या फळ्या-टेकू काढताना ती कोसळली, आणि खाली तुम्हीच उभे होतात.

आणि मी तरी का गप्प बसले? घरी आल्यावर भांडायला हवं होतं, जेवण टाकून उठायला हवं होतं. चारचौघांत बापाचा मान राखला आणि बाप घालवला.

ज्यांच्या परवान्यावर तुमची कामं चालायची, ते साहेब चौकशीत म्हणाले, नकाशा बरोबर होता. होताच! नकाशात सळया वरच होत्या. पण 'माझ्या देखरेखीखाली काम झालं' या कागदावर त्यांनी स्लॅब भरायच्या आधीच, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून सही केली होती. तुम्हाला त्याचंही कौतुक! "साहेब दखाले बी येतस नही, इतला भरोसा शे मन्हावर." कसला भरोसा, नाना? त्यांना जिना चढायचा कंटाळा होता.

परवान्यासाठी परवानाधारकाच्या हाताखालचा अनुभव लागतो. तीन ऑफिसांत गेले. मुलगी साइटवर नको, म्हणाले. साहेबांनी मात्र लगेच घेतलं. अपराधी वाटलं म्हणून, की मी तोंड मिटून राहावं म्हणून, अजून कळलेलं नाही. दोन वर्षं त्यांच्यासमोर बसून काढली. माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर त्यांचीच सही आहे. या गोष्टीची मला अजून शिसारी येते.

आज तुमच्या धाकट्या भावाने, काकांनी, तसाच कागद माझ्यापुढे केला. "फक्त सही कर व माय, वर चढीसन काय करशी?" मी चढले. गॅलरीच्या सळया खाली! सगळ्या सोडायला लावल्या. काका तोंड फिरवून बसले. तुमच्या हाताखाली वाढलेला हिरामण मिस्त्री तारा सोडता सोडता म्हणाला, "ताई, नानानीच आसं शिकाडेल शे आमले."

नाना, किती जणांना शिकवलंत हो हे? अशा किती गॅलऱ्या गावात अजून उभ्या आहेत? त्यांच्यावर रोज कुणीतरी कपडे वाळत घालतं, पोरं खेळतात!

हिरामण मला तुम्ही बांधलेली घरं दाखवणार आहे. तुम्हाला शब्द देते, एकेका दारात जाईन आणि सांगेन, तुमची गॅलरी तपासू द्या, माझ्या वडिलांनी ती चुकीची बांधली असेल. ज्या घरांत लोक अजून तुमचं नाव काढतात, तिथेच जाऊन मी ते घालवणार आहे. आई माझ्याशी बोलणं टाकेल. तुम्हीही रागवा खुशाल. पण या वेळी मी गप्प बसणार नाही.

तुमचीच,
स्वाती