मुलगे उशिरा बोलतात

प्रिय चिमे,

काल रात्री फोनवर तू विचारलंस, आवाज असा का? प्रवासाचा शीण म्हणून मी वेळ मारून नेली. खरं सांगू, डोक्यात भुंगा शिरलाय. आपल्या गब्दुलला काही आहे की नाही, तेच मला कळेनासं झालंय. वाढीत मागे पडलेली एवढी-एवढीशी मुलं लोक आमच्या केंद्रात माझ्याकडे आणतात, आणि मला स्वतःचा नातू कळेना!

निघताना तू माझी बॅग हातात धरून विचारलंस, दोन वर्षांचा झाला, अजून एक शब्द नाही, तुला काय वाटतं? मी म्हटलं, मुलगे उशिरा बोलतात गं. केंद्रात कुठल्या आजीने हे वाक्य उच्चारलं की मी डोळे वटारते. आपला तो बाब्या म्हणतात ना, तशी गत.

पण मी खोटं नव्हते बोलले. हाक मारली की तो बघायचा, चेंडू मागितला की द्यायचा. मग परवा तुझा व्हिडिओ आला. तू मागून हाका मारतेयस आणि तो गाडीचं चाक फिरवत बसलाय. साहेब तंद्रीत आहेत, म्हणून तू हसलीस. मीही हसले. मग पुन्हा पाहिला.

काल एका नव्या आईला शिकवत होते. आधी जमिनीवर बसायचं, मुलाच्या नजरेसमोर यायचं, खांद्याला हात लावायचा, वस्तू आपल्या डोळ्यांजवळ धरायची, मगच नाव घ्यायचं. बोलता बोलता जीभ अडखळली. चिमे, तुझ्या घरी मी हेच करत होते, दर वेळी. हाताला सवय, मला पत्ताच नाही. मग तो माझ्या हाकेला बघत होता की माझ्या युक्तीला? परीक्षा मीच घेत होते आणि उत्तरंही मीच सांगत होते. कदाचित काहीच नसेल, चाकच मजेदार असेल. कदाचित कानाला कमी येत असेल. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. मला फार भीती वाटते गं.

म्हणून हे पत्र. फोनवर तू रडली असतीस, तर मी पुन्हा तेच वाक्य बोलले असते. त्याला तुमच्याकडच्या केंद्रात दाखव. आधी कान तपासतील, मग खेळवून बघतील. माझ्या ओळखीचं कुणी नको, मी तर नकोच. थांबून बघू म्हणू नकोस, या वयातले महिने परत मिळत नाहीत. मी येतेच आहे. त्याला घेऊन आत तू जा. मी बाहेरच्या बाकावर बसेन, बाकीच्या आज्यांबरोबर.

तुझीच,
आई