अर्धा मिलिमीटर

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा तेवढा दुखतो, पण त्याच्याबद्दल ते रोज इतक्या आवडीने बोलतात की तो बरा झाला तर त्यांनाच चुकल्यासारखं होईल. फोन करायचा सोडून हा कागद घेऊन का बसला, असं तू म्हणशीलच. फोनवरचं आपलं बोलणं तुला ठाऊक आहे. तू 'बरे आहेत ना रे सगळे?' म्हणतेस, मी 'हो, तू?' म्हणतो, तू 'मजेत' म्हणतेस आणि मग आपण हवामानावर येतो. गेल्या सहा वर्षांत आपण दोघं हवामानावर जेवढं बोललो तेवढं वेधशाळेतही कोणी बोललं नसेल. शिवाय फोनवर मला खोटं बोलता येतं. कागदावर तेवढं सहज जमत नाही.

तुझ्या वहिनीच्या पोटात काही राहत नाही हे माहीत असूनही तू तिला नोकरीचं सांगितलंस, तेव्हा ते माझ्यापर्यंत पोचलं यात तिचा दोष नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने तुला बोलावलंय, ग्राफिक्स कार्डं किती ताणायची आणि कुठे थांबवायची हे ठरवायचं काम आहे, आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तू नाही म्हणणार आहेस, हेही तिने सांगितलं. का, तर 'वहिनी, मी ज्या मशिनीला हात लावते ती जळते. मी आपली विम्याचे फॉर्म तपासते तेच बरं.' हे सांगताना तुझी वहिनी भाजी चिरत होती. मी समोरच बसलो होतो. मला उठून बाहेर जावं लागलं. कुठे गेलो म्हणशील, तर दुकानात. आपल्या घराण्यातल्या पुरुषांना दुसरी जागा कुठे माहीत आहे?

दुकान तसंच आहे. बाबांच्या टाइपरायटरच्या काळातलं ते लांब टेबल, त्यावरचा तुझ्या सोल्डरिंग गनचा जळका डाग, खिडकीतला न चालणारा पंखा. बाहेर पाटीही तीच आहे, 'भावंडं लॅपटॉप दुरुस्ती'. गिऱ्हाइकं विचारतात, दुसरं भावंड कुठे आहे? मी म्हणतो, मोठ्या गावाला मोठ्या ऑफिसात आहे. पाटी का बदलली नाहीस असं बाबांनी एकदा विचारलं, तेव्हा पाटी रंगवणारा मिळत नाही असं सांगितलं. पाटी रंगवणारा शेजारच्याच गाळ्यात बसतो.

तुला आठवतं, तू नेमकं काय करतेस हे आईला कसं समजावलं होतंस? म्हणालीस, 'आई, कार्डाच्या पोटात एक चिठ्ठी असते. किती जोरात पळायचं, किती वीज खायची आणि किती तापलं की थांबायचं, ते त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. कंपनी घाबरून घाबरून लिहिते. मी ती चिठ्ठी खोडून नीट लिहिते.' त्यावर आई म्हणाली होती, 'मग तुझ्या दादाच्या पोटातलीही बदल, तो थांबतच नाही जेवताना.' फर्मवेअर म्हणजे काय हे मी आजही गिऱ्हाइकांना त्याच शब्दांत सांगतो. आपली कामाची वाटणीही तशीच होती. चिठ्ठी तुझी, स्क्रू माझे. तू फर्मवेअर बदलायचीस, मी मशीन उघडून पंखे साफ करायचो, चिपवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायचो, मेमरीवरचे तशाच कामाचे मऊ पॅड बदलायचो. आणि मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी अर्धा तास ते ताणून चालवायचं आणि दोघांनी समोर बसून आकडे बघायचे, हा नियम तूच घातला होतास. मला तो कटकट वाटायचा. तू शेंगा खात बसायचीस आणि टरफलं माझ्या स्क्रूच्या डबीत टाकायचीस.

कार्टूनवाल्या बाईंचं मशीन आलं त्या दिवशी तो अर्धा तास झाला नाही. तू फर्मवेअर टाकून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होतीस. बाई काउंटरशी उभ्या राहून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होत्या, दोन दिवसांत त्यांना फिल्म द्यायची होती. मी मशीन बंद केलं, पुसलं आणि दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. चार मिनिटं काम केलं की पडदा काळा. पुन्हा चालू केलं तरी चार मिनिटं. दुकानात इतका आरडाओरडा मी त्याआधी ऐकला नव्हता. बाबा आतून आले. त्यांचा तो जुना नियम, 'शेवटी जिथे हात लागला, बिघाड तिथेच शोध.' त्यांनी मला विचारलं, काय बदललं होतं? मी म्हणालो, फर्मवेअर. एवढंच म्हणालो. तू म्हणालीस, 'दादा, ते तापून बंद पडतंय. मूळ फर्मवेअर परत टाक, अर्धा तास लागेल. तरीही बंद पडलं तर दोष चिठ्ठीत नाही.' मी म्हणालो, आता वेळ कोणाला आहे? बाईंनी तर मशीन माझ्या हातातून ओढूनच घेतलं. आणि बाबांनी तुला सगळ्यांदेखत सांगितलं, उद्यापासून तू काउंटरवर बसायचं, मशिनीला हात लावायचा नाही. तू बावीस वर्षांची होतीस. महिन्याभरात तू विम्याच्या ऑफिसात गेलीस. जाताना पेन ड्राइव्हची पत्र्याची डबी टेबलाच्या खणात ठेवून गेलीस आणि मला म्हणालीस, 'कदाचित माझंच चुकलं असेल रे.' भांडली असतीस तर बरं झालं असतं.

आता ऐक. गेल्या मंगळवारी त्या बाई आल्या. केस पांढरे झालेत, पण घड्याळ बघायची सवय तीच. घर आवरताना तो लॅपटॉप कपाटात सापडला, एका चित्रकलेच्या वर्गाला द्यायचाय, चालला तर बघा, म्हणाल्या. रागही उरलेला नाही त्यांचा, फिल्मसुद्धा त्यांनी दुसऱ्या मशिनीवर वेळेत दिली होती म्हणे. सहा वर्षं आपण ज्याच्यावर गप्प बसलो, ते ती बाई विसरूनही गेली होती.

मी टेबलावर घेतलं, चालू केलं. तुझंच फर्मवेअर, तू घातलेल्या तारखेसकट. ताणून चालवलं, चौथ्या मिनिटाला पडदा काळा. मग खणातून तुझी डबी काढली. प्रत्येक मशीनच्या मूळ फर्मवेअरच्या दोन-दोन प्रती, नावानिशी, तारखेनिशी. तू केस विंचरायला विसरायचीस पण हे कधी विसरली नाहीस. चिठ्ठी जिच्यात असते त्या आठ पायांच्या चिपला क्लिप लावली आणि कंपनीची चिठ्ठी परत घातली. क्लिप तीनदा सुटली. चालू केलं. सहाव्या मिनिटाला पडदा काळा. कंपनीचं फर्मवेअर, कंपनीचा वेग, आणि तरीही काळा. हे बघायला मला अर्धा तासही लागला नाही.

मग उघडलं. चिपची उष्णता ओढून घेणारा तो तांब्याचा हीटसिंक उचलला तर मधल्या चिपवरची पेस्ट एका कोपऱ्यात दबलेली आणि बाकी सगळीकडे मी लावली होती तशीच उंच, गोळा धरून वाळलेली. म्हणजे तांबं त्या चिपला धड टेकलंच नव्हतं. का टेकलं नव्हतं? कडेच्या मेमरीवर पॅड होते एक मिलिमीटरचे. तिथे लागतात अर्ध्याचे. जाड पॅडनी हीटसिंक उचलून धरला होता, जरासा, नखाएवढासुद्धा नाही. उष्णता जायची कुठून? आणि चौथ्या मिनिटाला का, तेही बघितलं. तुझी फाइल उघडून वाचली, आता मलाही थोडंफार वाचता येतं. तू वेग वाढवला होतास, पण थांबायची मर्यादा कंपनीपेक्षा नऊ अंशांनी खाली आणली होतीस. कंपनीने त्या चिपला आणखी दोन मिनिटं भाजू दिलं असतं, तू दिलं नाहीस. आपण सगळे ज्याला तुझी चूक म्हणत होतो, ती तुझी काळजी होती. अर्ध्याचे पॅड लावले, ताजी पेस्ट लावली आणि परत तुझंच फर्मवेअर टाकलं. दोन तास ताणून चालवलं, अठ्ठ्याहत्तर अंशांच्या वर आकडा गेला नाही. मी शेंगा आणून समोर बसलो होतो. टरफलं कोणाच्या डबीत टाकायची ते कळेना.

बाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी टाइपरायटरच्या हत्यारांतल्या जाडी मोजायच्या पोलादी पट्ट्या काढल्या, चष्मा वर सरकवला आणि तो जुना पॅड मोजला. मग नवा मोजला. मला वाटलं, मला बोलतील. ते म्हणाले, 'तिला मी काउंटरवर बस म्हणालो होतो.' एवढं म्हणून पट्ट्या पुसायला लागले. त्या स्वच्छच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, ती येईल तेव्हा खिडकीतला पंखा दुरुस्त झालेला हवा. काल मी तो दुरुस्त केला.

पत्र इथे संपवता आलं असतं, भिंगरे. वहिनीला वाटतं ते इथेच संपतं. दादाला खरं कळलं, दादाने लगेच कळवलं, दादा किती चांगला. पण मला हे गेल्या मंगळवारी कळलेलं नाही. त्या दिवशी अर्ध्याचे पॅड संपले होते, म्हणून मी एकचे लावले. जाड आहेत म्हणजे चांगलेच, असं म्हणून लावले. बाबांनी विचारलं तेव्हा खरंच माझ्या डोक्यात ते नव्हतं, एवढा माझ्यावर विश्वास ठेव. पण तुला काउंटरवर बसवल्याच्या आठव्या दिवशी अर्ध्याच्या पॅडचं नवं पाकीट आलं. तू समोर पावत्या लिहीत होतीस. मी पाकीट फोडलं, एक पॅड बोटांत धरला आणि उभ्या उभ्या मला सगळं कळलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू विचारलंस, 'काय रे?' मी म्हणालो, 'काही नाही.' मग उद्या सांगू, परवा सांगू, असं करत तू गेलीस. 'माझ्या पोरीचं चुकणार नाही,' असं आई शेवटपर्यंत म्हणत होती, आणि मी तिच्या उशाशी बसून मान हलवत होतो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला सहा वर्षं खवखवत होतं आणि त्याची किंमत तू फॉर्म तपासून भरत होतीस. बाबांना हे उद्या सांगणार आहे, पण आधी तुला कळायला हवं होतं. माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं, कारण ते माझ्या सोयीचं आहे. सोबत एका पुडीत ते दोन जुने पॅड आहेत आणि तुझी डबी आहे. तुझ्या हाताने कधीच काही जळलं नाही. शुक्रवारी आधी त्यांना हो म्हण, आणि मग मला फोन करून हवं ते बोल. हवामान सोडून.

तू म्हणशील तर अजूनही तुझाच,
दादा