कंपनीला एक मेल

३ जून
आजपासून रोज लिहायचं. ऑनलाइन कोर्स मिळाला, ‘सिनेमा कसा पाहावा’. बाकीचे विषय एकेक करून तरुणांकडे गेले, हा शेवटचा. विभागप्रमुख म्हणाल्या, मुलं टिकली तर पुढच्या सत्रातही तुमच्याकडेच, नाहीतर बंद. मुलं टिकणारच. माझा आवाज आहे.

५ जून
ग्रंथपालबाईंनी अडवलं. वर्गात सिनेमा दाखवणं वेगळं, ऑनलाइन चढवणं वेगळं; त्याला लायसन्स लागतं म्हणे. शिक्षणात सगळं माफ असतं, असं मी समजावलं. कुठल्या कलमात, असं त्यांनी विचारलं. शोधणार होतो, पण डोकं दुखत होतं.

९ जून, दुपार
कोर्ससाठी निवडलेल्या सिनेमाचा निर्माता वारला आहे. त्याच्या मुलाला फोन केला. खुशाल दाखवा काका, म्हणाला. लेखी परवानगीही पाठवली. फक्त गाण्यांचे हक्क वडिलांनी एका कंपनीला विकलेत, तेवढं त्यांना विचारा. आता गाणी काय सिनेमातून उपटून काढायची? मी कानाडोळा केला. ही म्हणाली, एक मेल टाकायला काय जातं. टाकतो म्हटलं.

१४ जून
सिनेमा चढवला. चौथं व्याख्यानही. स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलं, हिला मिक्सर बंद ठेवायला लावून. मागे सिनेमातलंच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत हळू आवाजात. आयुष्यातलं सर्वोत्तम व्याख्यान. झाल्यावर काहीच वाटलं नाही. थकवा असावा.

१५ जून
कोर्सच्या साइटवरून निरोप: हक्काचं संगीत सापडलं, तिथला आवाज काढून टाकला आहे. सिनेमा तपासला. गाण्यांत नायिका नुसते ओठ हलवते. व्याख्यान उघडलं नाही. आपलंच भाषण ऐकत बसणं बरं दिसत नाही. मेल उद्या.

२० जून
एका मुलीने विचारलं, नायिका गाते तेव्हा आवाज का नाही? दिग्दर्शकाने मुद्दाम वापरलेलं मौन, असं उत्तर दिलं. मुलं भारावली. आता मेलची गरजच उरली नाही. हिला सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाली, पण मेल टाका.

२८ जून
अभिप्राय आले. एकही मूल गळालं नाही. सर्वाधिक पसंती चौथ्या व्याख्यानाला. मी म्हणत नव्हतो?

३० जून
विभागप्रमुखांनी बोलावलं. ग्रंथपालबाईही होत्या. कोर्स पुढे चालू. मी आभार मानायला उठलो, तर त्यांनी बसायला सांगून चौथं व्याख्यान लावलं. स्क्रीनवर मी. हात हलतात, तोंड हलतं. आवाज नाही. शेवटपर्यंत नाही. एका मुलाने खाली लिहिलं होतं, सर मध्ये बोलत नाहीत हे फार आवडलं.

“पुढच्या सत्रात असंच करू या,” विभागप्रमुख म्हणाल्या. “नुसते सिनेमे. लायसन्सचं बाई बघतील. तुम्हाला त्रास नको.”

बरं म्हटलं.

घरी हिने विचारलं, “मग तुम्ही काय बोललात?” काही नाही, म्हटलं. तिने चहा टाकला.

संध्याकाळी कंपनीला मेल लिहायला बसलो. विषय: परवानगी. पुढे काय लिहायचं ते सुचेना. तसाच पाठवला.